येळंदूर : राजापेक्षा कंपनीच्या शब्दावर टिकलेली जहागीर

म्हैसूरहून आग्नेयेला निघून टी. नरसीपूर मागे टाकले आणि कोळ्ळेगाळ-चामराजनगर रस्ता धरला, की सुवर्णावती नदीच्या खोऱ्यात येळंदूर लागते. भात, नारळ, तुती पिकवणारी ही ओलिताची जमीन. १९९७ पर्यंत गाव म्हैसूर जिल्ह्यात होते. आता ते चामराजनगर जिल्ह्यातले तालुक्याचे ठिकाण आहे. बिळिगिरीरंगन डोंगराकडे देवदर्शनाला आणि जंगल पाहायला जाणारी वाहने इथून न थांबता पुढे जातात. जे थांबतात, ते गौरीश्वराच्या देवळासाठी. हदिनाडूच्या स्थानिक पाळेगारांनी बांधलेल्या या देवळाच्या प्रवेशमंडपाला बळे मंटप म्हणतात. तिथली दगडी कडी अखंड दगडातून कोरून एकमेकांत गुंतवलेली आहेत आणि ती जवळून पाहिल्यावर जोड शोधूनही सापडत नाही. गावातली दुसरी वास्तू म्हणजे जहागीरदार बंगला. देवळाइतकी देखणी ती नाही, पण म्हैसूरच्या गेल्या दोन शतकांचा इतिहास समजून घ्यायचा तर आधी तिच्याकडे वळायला हवे.

ही जहागीर १८०७ साली म्हैसूरचे दिवाण पूर्णय्या यांना वंशपरंपरेने मिळाली. क्षेत्रफळ सुमारे १०० चौरस मैल. राजाने आपल्या कर्तबगार दिवाणाला दिलेली बक्षिसी, अशी तिची ओळख करून दिली जाते. ही ओळख अर्धीच खरी आहे. राजे मुम्मडी कृष्णराज वडियार १७९४ सालचे, म्हणजे १८०७ मध्ये ते तेरा वर्षांचे होते आणि कारभार सर्वस्वी पूर्णय्यांच्याच हाती होता. मग देणारा कोण? ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले, टिपू मारला गेला आणि ३० जूनला ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांनी या पाच वर्षांच्या मुलाला गादीवर बसवले. हैदर आणि टिपू या दोघांच्याही खजिन्याची नाडी ठाऊक असलेले माध्व देशस्थ पूर्णय्यांना कंपनीने दिवाण म्हणून कायम केले. त्याच वर्षी झालेल्या तहाने म्हैसूरवर दरसाल सात लाख पॅगोडांची, म्हणजे साडेचोवीस लाख रुपयांची खंडणी बसली. पूर्णय्यांच्या काळात ती बिनबोभाट भरली गेली. १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली शिंदे-भोसल्यांवर चालून आला, तेव्हा म्हैसूरचे घोडदळ त्याच्या मोहिमेत होते आणि त्याच्या सैन्याला रसद पुरवण्यात पूर्णय्यांचा मोठा वाटा होता. असईची लढाई आपण जालना जिल्ह्यातली म्हणून ओळखतो; तिच्या दाण्यागोट्याचा एक हिशेब म्हैसूरच्या दप्तरात आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. अशा सेवेचा मोबदला जहागिरीच्या रूपाने मिळाला. सनद राजाच्या राज्यातल्या जमिनीची, मर्जी कंपनीची.

याचा सर्वांत मोठा पुरावा १८०७ नंतरचा आहे. म्हैसूर राज्याच्याच नगर भागातल्या रयतेच्या उठावानंतर १८३१ मध्ये कंपनीने खुद्द राजाकडून राज्यकारभार काढून घेतला. पुढची पन्नास वर्षे म्हैसूरवर इंग्रज कमिशनर होते. राज्य परत मिळाले ते १८८१ मध्ये, दत्तकपुत्राला. या सगळ्या उलथापालथीत येळंदूरची जहागीर मात्र पूर्णय्यांच्या वंशजांकडेच राहिली. राजाची सत्ता गेली आणि त्याच्या नावाने दिलेले इनाम टिकले. जे दान देणाऱ्याच्या सत्तेवर अवलंबून असते, ते त्याच्या सत्तेबरोबर डळमळते. हे डळमळले नाही, कारण त्याच्यामागचा शब्द वेगळ्याच धन्याचा होता. जवळच्या शिवनसमुद्राचे उदाहरणही असेच आहे. म्हैसूरच्या रेसिडेन्सीशी संबंधित रामस्वामी मुदलियारांनी तिथे कावेरीवर पूल बांधले आणि त्यांना जहागिरीची गावे मिळाली. एकेक पिढी कामाची, पुढच्या पिढ्या वारशाच्या, असा हा रिवाज होता.

यावर पहिला आक्षेप असा, की पूर्णय्यांची योग्यता मोठीच होती. ती नाकारण्याचे कारण नाही. श्रीरंगपट्टणजवळ कावेरीवर त्यांनी १८०४ मध्ये पुरा केलेला वेलस्ली पूल अजून पाहता येतो. उभे दगडी खांब, त्यांवर दगडी तोडे आणि तुळया, वर प्रचंड शिळांची फरसबंदी. कमान एकही नाही. स्थानिक पाथरवटांच्या हातचे हे काम पाहून कोणीही थबकेल. म्हैसूर शहरात कावेरीचे पाणी आणण्यासाठी त्यांनी कालवा खणायला घेतला. तो तडीस गेला नाही, तरी पूर्णय्या नाला हे नाव शहरात अजून चालते. १८११ मध्ये ते पायउतार झाले तेव्हा खजिन्यात दोन कोटींहून अधिक रुपये शिल्लक होते. पण पूल, कालवा आणि ही शिल्लक, तिन्ही उभी राहिली ती रयतेच्या साऱ्यातून. दिवाणाच्या कौशल्याचे मोल त्याच्या हयातीत पगाराने, मानाने, पेन्शनीने करता येते. पूर्णय्या १८१२ मध्ये वारले. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे ज्या शेतकऱ्यांनी जहागीरदाराच्या घरी वसूल भरला, त्यांनी कोणाच्या सेवेचे देणे फेडले?

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे : वारसही कर्तबगार निघाले. येळंदूरचे जहागीरदार सर पी. एन. कृष्णमूर्ती १९०१ ते १९०६ म्हैसूरचे दिवाण होते. शिवनसमुद्राची वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत पोहोचली ती १९०२ मध्ये, त्यांच्याच कारकिर्दीत, जरी योजना आधीचे दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या काळातली होती. कृष्णमूर्तींचे गुण त्यांचे स्वतःचे होते, हे मान्य. तरी गुणांना वाव मिळायला शिक्षण लागते, ओळखी लागतात, उमेदवारीच्या काळात पोटाची चिंता नसावी लागते. हे सारे त्यांना घरीच मिळाले. सुवर्णावतीकाठच्या कुळांच्या घरातही हुशार मुले जन्मली असतीलच. त्यांची नावे दिवाणांच्या यादीत का नाहीत, याचे उत्तर जहागिरीच्या वसुलीतच आहे.

ही केवळ हिंदुस्थानची रीत होती, असेही नाही. श्रीरंगपट्टणच्या लढाईतला, पूर्णय्यांचा स्नेही आर्थर वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. वॉटर्लूच्या विजयाबद्दल पार्लमेंटने मंजूर केलेल्या पैशातून १८१७ मध्ये त्याला इंग्लंडात स्ट्रॅटफील्ड सेची इस्टेट घेऊन दिली. ती आजही त्याच्या वंशजांकडे आहे. खंड म्हणून दरवर्षी १८ जूनला राजाला एक रेशमी तिरंगी फ्रेंच निशाण द्यायचे, एवढेच. ते पार्लमेंटही मूठभरांचे होते, पण निदान रक्कम उघड मांडली गेली, तिच्यावर मत घेतले गेले आणि जमीन विकत घेतली गेली. येळंदूरच्या रयतेला कोणी विचारले नव्हते, आणि तिथे दिले गेले ते तिच्याच घामाचे उत्पन्न. म्हणून दोन मित्रांच्या दोन इस्टेटी एकाच मापाने मोजता येत नाहीत.

फरक शेवटातही पडला. १९५४ मध्ये म्हैसूरच्या विधिमंडळाने वैयक्तिक आणि इतर इनामे रद्द करणारा कायदा केला. मग १९७४ मध्ये देवराज अरसूंच्या सरकारने कूळकायद्यात मोठी दुरुस्ती करून कसणाऱ्याच्या नावे जमीन करण्याची वाट मोकळी केली. कायद्याने हक्क संपले, मग जुने का उकरायचे, असे विचारणारे भेटतात. उकरायचे ते वारसांवर ठपका ठेवण्यासाठी नव्हे. कायद्याने मालकी बदलली, पण वास्तूची गोष्ट अजून जहागीरदाराच्या बाजूनेच सांगितली जाते. जहागीरदार बंगला पाहायला येणाऱ्याला पूर्णय्यांची तसबीर आणि त्यांचे गुणवर्णन जसे मिळावे, तशीच जहागिरीतल्या गावांची नावे, त्यांचा दरसालचा वसूल आणि १८३१ मध्ये राजाच्या हातून राज्य गेले तेव्हाही हा वसूल चालूच होता ही नोंद मिळायला हवी. ही माहिती जुन्या महसुली दप्तरांतून काढता येईल. ते काम पुरातत्त्व खात्याने येळंदूरच्याच शाळा-महाविद्यालयांतल्या मुलांना हाताशी धरून करावे, कारण त्या दप्तरांत कुळे म्हणून जी नावे आहेत, त्यांतली कित्येक त्या मुलांच्या खापरपणजोबांची असणार.