जुनं रंधा मशीन घेताना कशाला भ्यावं, कशाला नाही

सुतारकामाची जुनी मशिनं घेणाऱ्यांत दोन तट आहेत. एकाच्या मते जुनं मशीन म्हणजे दुसऱ्याची डोकेदुखी पैसे मोजून घरी आणणं. दुसऱ्याच्या मते नव्या मशिनांत पूर्वीचं बीड उरलेलं नाही, तेव्हा बंद पडलेल्या कारखान्यातून मिळेल ते उचलावं. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि तरी दोघंही बऱ्याचदा चुकीचं मशीन नाकारतात किंवा चुकीचं पसंत करतात. जुन्या मशीनचे जे दोष डोळ्यांत आणि कानांत भरतात, ते सहसा थोड्या पैशात निघतात. जे खरोखर महागात पडतात ते दिसत नाहीत, किंवा तो भाग मशीनवर नसतोच म्हणून त्याची आठवण होत नाही. स्वस्त मशीनबद्दलचे बहुतेक गैरसमज या उलट्या हिशेबातून आलेले आहेत.

गंजाचंच बघा. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, दमट हवेत उघडं पडलं की तांबूस होतं. कोकणात त्याला एक पावसाळा पुरतो. हा वरवरचा गंज रॉकेल, घासकागद आणि थोडी मेहनत यांनी जातो आणि खाली टेबल जसंच्या तसं सापडतं. बारीक खड्डे राहिले तरी लाकूड त्यांच्यावरून सरकतं, कामात फरक पडत नाही. गंजामुळे गिऱ्हाईक मागे फिरतं आणि भाव पडतो, म्हणजे खरेदीदाराच्या दृष्टीने तो उपकारकच. संशय घ्यायचा तो विकण्याआधी मारलेल्या ताज्या रंगाचा. त्याखाली भेग असू शकते, वेल्डिंगची शिवण असू शकते. बिडात कार्बन दोन टक्क्यांहून जास्त असतो, म्हणून ते ठिसूळ असतं आणि साध्या वेल्डिंगने जोडलं तर सांध्याशेजारी पुन्हा तडकतं. निकेलच्या रॉडने, काळजीपूर्वक तापवून आणि सावकाश थंड करून केलेला सांधा टिकू शकतो. पण तो तसा केला आहे की नाही, हे रंगावरून कळायला मार्ग नाही. बॅटरी घेऊन टेबलाची खालची बाजू, पाय आणि बेअरिंग बसतात त्या जागा पाहिल्याशिवाय भावाची बोलणी सुरू करू नयेत.

दुसरा गैरसमज बटणाचा. बटण दाबलं, मोटर फिरली, म्हणजे मशीन चालू आहे असं मानलं जातं. मोटर हा तर सगळ्यांत सहज बदलता येणारा भाग आहे. चार पोलची मोटर आपल्या ५० हर्ट्झवर मिनिटाला साधारण १,४४० फेरे घेते, दोन पोलची २,८८०. तशीच दुसरी बाजारात मिळते, आणि जळलेलीचं रिवाइंडिंग तालुक्याच्या गावीही होतं. बेअरिंगचंही तसंच. ६२०५ या क्रमांकाचं बेअरिंग कुठल्याही कंपनीचं असो, आतला व्यास २५ मिलिमीटर, बाहेरचा ५२ आणि जाडी १५. त्यामुळे बेअरिंगची घरघर हे भाव पाडून मागायला उत्तम कारण आहे, मशीन नाकारायला नाही. प्रश्न असतो तो बेअरिंग ज्यावर बसतं त्या शाफ्टचा. सैल बेअरिंग वर्षानुवर्षं शाफ्टवर घसरत राहिलं असेल तर शाफ्ट झिजलेला असतो आणि त्यावर नवं बेअरिंगही घट्ट बसत नाही. वीज बंद करून कटर ब्लॉक हाताने वरखाली हलवावा. खेळ जाणवला तर बेअरिंग काढून शाफ्ट बघायचा आग्रह धरावा.

याहून मोठी बाब टेबलाच्या सरळपणाची, आणि ती तर बहुतेक खरेदीदार तपासतच नाहीत. रंधा मशीनला पुढचं आणि मागचं अशी दोन टेबलं असतात. ती एकमेकांना समांतर नसतील तर पाती कितीही धारदार असोत, फळीची कड सरळ निघत नाही. शिवाय इथे चूक दुप्पट होते. एका फळीच्या कडेला मध्ये पाव मिलिमीटरची पोकळी राहिली आणि तशाच दुसऱ्या फळीशी ती जोडली, तर सांध्यात अर्ध्या मिलिमीटरची फट दिसते. मीटरभर लांबीची खात्रीची सरळपट्टी आणि फीलर गेज एवढ्या साहित्यात ही तपासणी दहा मिनिटांत होते. सरळपट्टी दोन्ही टेबलांवर मिळून लांबीच्या दिशेने ठेवावी, मग तिरकी, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. टेबल नुसतं एका टोकाला झुकलं असेल तर त्याच्या सरकत्या खाचेत पातळ पत्रा घालून ते उचलता येतं; कुशल फिटर ते काम एका दिवसात करतो. टेबलाला पीळ पडला असेल तर मात्र ग्राइंडिंगखेरीज उपाय नाही. ते काम पुण्या-कोल्हापुरात होतं, पण मशीन खोलणं, टेबल नेणं-आणणं आणि पुन्हा जुळवणं धरलं की स्वस्ताईतलं बरंच काही तिथेच संपतं.

नसलेल्या भागांचा हिशेब वेगळा. पुली, हातचाक, बोल्ट यांची चिंता नको. कोल्हापूरसारख्या ओतकामाच्या गावात नमुना दाखवला की हातचाक ओतून मिळतं. पण फेन्स, पात्यांवरचं संरक्षक झाकण आणि गोल करवतीमागची फाळणी पट्टी गहाळ असेल तर ‘त्यावाचून काही अडत नाही’ हे विकणाऱ्याचं वाक्य ऐकून सोडून देऊ नये. ती पट्टी चिरलेल्या लाकडाच्या दोन्ही बाजू करवतीवर मिटू देत नाही. ती नसली तर लाकूड करवतीला चिमटतं आणि जोराने माणसाच्या अंगावर फेकलं जातं. महाराष्ट्राच्या १९६३ च्या कारखाना नियमांनी ही पट्टी आवश्यक मानली आहे, आणि हाताने लाकूड ढकलायच्या रंध्याला गोल कटर ब्लॉकच हवा असंही म्हटलं आहे. फार जुन्या मशिनांत चौकोनी ब्लॉक असतो. त्याच्या आणि टेबलाच्या मधली फट मोठी असते, बोट आत खोलवर ओढलं जातं. वजनदार बीड बघून ‘जुनं ते सोनं’ म्हणणाऱ्यांनी एवढं तपासावं. चौकोनी ब्लॉकचं मशीन फुकट मिळालं तरी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

किमतीबद्दलचा गैरसमज विजेपाशी सर्वांत महाग ठरतो. कारखान्यातलं मशीन बहुधा थ्री-फेजचं असतं, घेणाऱ्याच्या शेडमध्ये सिंगल-फेज. ‘व्हीएफडी लावली की झालं’ हे उत्तर अर्धंच खरं. सिंगल-फेजवर चालणारी साधी व्हीएफडी थ्री-फेज देते, पण सुमारे २३० व्होल्टची. आपल्याकडे साधारण ३ एचपीपर्यंतच्या मोटरी ४१५ व्होल्टसाठी स्टारमध्ये जोडलेल्या असतात. सहाही टोकं बाहेर काढलेली असतील तर डेल्टात जोडून त्या २३० वर चालतात. त्याहून मोठ्या मोटरी बहुधा ४१५ लाच डेल्टात असतात, त्यांना हा मार्ग नाही. मग महावितरणची थ्री-फेज जोडणी घ्यायची किंवा मोटर बदलायची. परदेशी मशीनचं आकर्षण असणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. अमेरिकी मोटर ६० हर्ट्झची असते, आपल्याकडे ती पाच-षष्ठांश वेगाने फिरते. जपानी मोटर सहसा २०० व्होल्टची. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही.

यात क्रेन, टेम्पो आणि धूळ ओढणारं यंत्र मिळवा. लाकडाची धूळ ही चैनीची तक्रार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली ती माणसात कर्करोग करणारी ठरवली आहे. जीएसटीत नोंदणी असलेल्याने हेही पाहावं की नव्या मशीनवर भरलेल्या कराचं क्रेडिट सहसा मिळतं, बिलाविना घेतलेल्या जुन्यावर नाही. नव्या-जुन्यातला फरक कागदावर दिसतो तेवढा उरत नाही. आणि ओंडके चिरायचा मोठा बँड सॉ घेणार असाल तर आधी वन विभागात चौकशी करा. १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून आरा गिरण्यांवर कडक नियंत्रण आहे. मशीन विकत घेतलं म्हणून ते चालवायचा परवाना मिळत नाही.

यावर कोणी म्हणेल की इतकं बघायचं तर गरीब कारागिराने मशीन घ्यायचंच नाही का? घ्यावं, आणि जुनंच घ्यावं. पत्र्याच्या हलक्या नव्या रंध्यापेक्षा सरळ टेबलाचा, गोल ब्लॉकचा, गंजलेला जुना रंधा कितीतरी उजवा, कारण त्यात झिजणारे भाग बाजारात मिळतात आणि न झिजणारं बीड तसंच टिकतं. हा नियम इलेक्ट्रॉनिक मशिनांना मात्र लागू नाही. जुना एज बँडर किंवा सीएनसी राउटर त्याच्या कंट्रोल कार्डाइतकाच जगतो, आणि बंद झालेल्या मॉडेलचं कार्ड मिळालं नाही तर उरलेलं वजनावर जातं. ओळखीचा मिस्त्री सोबत नेणं चांगलं, पण तो वायरमन असेल तर तो मोटर बघेल, टेबल नाही.

पैसे देण्याआधी स्वतःच्या दोन फळ्या घेऊन जा, मशीन अर्धा तास चालू ठेवा, बेअरिंगची जागा तापते का बघा, मग त्या फळ्यांच्या कडा रंधून एकमेकींना लावून उजेडात धरा. विकणारा याला नकार देत असेल तर भाव कितीही कमी असो, ते मशीन घेऊ नका.