जुना उंची ॲम्प्लिफायर घेताना : वॅटआधी पार्ट विचारा

नव्या उंची ॲम्प्लिफायरची किंमत लाखांत गेल्यापासून जुन्या सेटच्या बाजाराला बरे दिवस आले आहेत. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या गल्ल्यांत, चोर बाजारातील मटन स्ट्रीटवर आणि ओळखीपाळखीतून असे सेट हातोहात फिरतात. कोकणात तर कित्येक घरांत आखातातून आणलेला पायोनियर किंवा सान्सुई कपाटावर कापडाखाली झाकून ठेवलेला असतो आणि घरातली तरुण मंडळी तो विकावा की दुरुस्त करावा या विचारात असतात. घेणारा सहसा पगारदार किंवा लहान दुकानदार असतो. त्याच्या दृष्टीने साठ-सत्तर हजार रुपये ही वर्षभराची शिल्लक असते. त्याचे पैसे कुठे बुडतात आणि कुठे वसूल होतात, हे आम्ही येथे सांगणार आहोत.

बहुतेक गिऱ्हाईक दोनच प्रश्न विचारते : किती वॅटचा आहे आणि शेवटची किंमत काय? आमच्या मते पहिला प्रश्न वेगळा असायला हवा. हा सेट बिघडला तर त्याचे पार्ट मिळतात का आणि तो उघडून बसणारा कारागीर आपल्या गावात आहे का? याचे उत्तर नकारार्थी असेल तर किंमत कितीही कमी असली तरी सौदा महागच.

वॅटविषयी थोडक्यात सांगून पुढे जाऊ. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ साली नियम करून ॲम्प्लिफायरची सलग देता येणारी शक्ती ठरावीक पद्धतीने मोजूनच जाहिरातीत छापावी असे बंधन घातले. त्या काळातील मोठ्या कंपन्यांच्या माहितीपत्रकातले ६० वॅट म्हणजे खरोखर ६० वॅट असतात. रस्त्यावरच्या स्वस्त सेटवर छापलेल्या पीएमपीओच्या हजारो वॅटशी त्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. मध्यम खोलीला चांगल्या स्पीकरबरोबर ५०-६० खरे वॅट पुष्कळ होतात.

काय म्हातारे होते, काय होत नाही

ॲम्प्लिफायरचे सगळे भाग एकाच वेगाने जुने होत नाहीत. ट्रान्सफॉर्मर, ॲल्युमिनियमचे जाड हीट सिंक, पोलादी सांगाडा, समोरची फळी यांतच कारखान्याचा मोठा खर्च जातो, आणि हे भाग चाळीस वर्षांनीही ठणठणीत राहू शकतात. जुन्या उंची सेटमध्ये फायदा आहे तो याचमुळे.

म्हातारा होतो तो इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर, ज्याला आपले जुने मिस्त्री कंडेन्सर म्हणतात. त्याच्या आत ओलसर रसायन असते, ते वर्षानुवर्षे सुकत जाते. तपमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. म्हणून हीट सिंकला खेटून बसवलेले कंडेन्सर आधी जातात. डोके फुगणे, बुडाशी ओघळ दिसणे ही उघड लक्षणे होत. पण बाहेरून गुळगुळीत दिसणारा कंडेन्सरही आतून सुकलेला असू शकतो. विक्रेता म्हणेल, ‘सेट दहा वर्षे वापरलेलाच नाही, नव्यासारखा आहे.’ यावर खूश होऊ नये. दहा वर्षे वीज न लागलेल्या कंडेन्सरच्या आतला संरक्षक थर पातळ होतो. असा सेट एकदम पूर्ण दाबावर चालू केला तर कंडेन्सर फुटू शकतो. त्याला वीज हळूहळू चढवावी लागते.

दुसरा रोग म्हणजे डिंक. सत्तर-ऐंशीच्या दशकांतील अनेक जपानी सेटमध्ये मोठे कंडेन्सर हलू नयेत म्हणून बोर्डावर फिकट पिवळसर डिंक लावलेला असे. कालांतराने तो काळपट तपकिरी होतो, शेजारच्या तारांचे पाय खातो आणि त्यातून वीजही झिरपू लागते. झाकण उघडल्यावर असा डिंक दिसला तर तो खरवडून काढण्याची मजुरी हिशेबात धरावी.

तिसरा रिले. चालू केल्यावर दोन-चार सेकंदांनी ‘टक्’ असा आवाज येतो तो रिलेचा. तो स्पीकरला जोडतो आणि बिघाड झाल्यास तोडतो. त्याचे आतले टोक काळे पडले की हळू आवाजात एक बाजू गप्प होते आणि आवाज मोठा केला की परत येते. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत हे लवकर होते. आवाजाचे बटण फिरवताना येणारी खरखर ही त्याहून साधी गोष्ट. बहुधा फवारणीने जाते.

हे सारे आजार बरे होणारे आहेत. कंडेन्सर नवे, नामांकित कंपन्यांचे मिळतात; रिलेही मिळतो. विक्रेत्याशी घासाघीस करताना हे मुद्दे उपयोगी पडतात, सौदा सोडण्याची गरज नसते.

सोडण्याचे कारण असते ते शेवटच्या टप्प्यातील ट्रान्झिस्टर. अनेक जपानी इंटिग्रेटेड सेटमध्ये सुटे ट्रान्झिस्टर न घालता सान्योचा एसटीके नावाचा एकसंध ठोकळा बसवलेला असे. सान्योचा सेमीकंडक्टर विभाग २०११ साली अमेरिकन कंपनीकडे गेला आणि आज बाजारात एसटीके म्हणून जे मिळते त्यात नकली माल फार आहे. तोशिबा आणि सॅन्केनच्या गाजलेल्या पॉवर ट्रान्झिस्टरांचीही हुबेहूब छपाईची नक्कल होते. वरून अक्षरे तीच, आत लहानशी चकती. असा पार्ट हळू आवाजात बिनबोभाट चालतो आणि पहिल्या मोठ्या आवाजाला जातो, जाताना कधी स्पीकरही घेऊन जातो. म्हणून ‘पूर्वी दुरुस्त केलेला’ सेट दाखवला तर दोन्ही बाजूंचे पॉवर ट्रान्झिस्टर एकाच बनावटीचे आहेत का, हे पाहावे. एका बाजूचे वेगळे असतील तर ती बाजू एकदा जळालेली आहे असे समजावे.

आणखी एक जात आहे, व्ही-फेटची. यामाहाने १९७४ साली बी-१ हा ॲम्प्लिफायर याच खास ट्रान्झिस्टरवर काढला. आवाजाचे चाहते त्यावर जीव टाकतात. परंतु ते ट्रान्झिस्टर केव्हाच बनणे बंद झाले आहेत. एक गेला की लाखाचा सेट शोभेची वस्तू होतो. संग्राहकाने घ्यावा, संसारी माणसाने नाही.

याउलट उदाहरण इंग्लंडमधील हंटिंग्डनच्या क्वाडचे. पीटर वॉकर यांच्या या कंपनीने १९७५ साली क्वाड ४०५ काढला. दर बाजूला १०० वॅट. आतील पार्ट बहुतांशी सर्वसाधारण, बदली ट्रान्झिस्टर मिळतात, सर्किटचा नकाशा सहज उपलब्ध, आणि इंग्लंडच्या २४० व्होल्टचा असल्याने आपल्याकडे बिनतक्रार चालतो. त्याला जुन्या पद्धतीची गोल डिन पिन लागते आणि फार कमी ओहमच्या स्पीकरवर तो जोर धरत नाही, एवढेच. दिसायला अगदी साधा असल्याने आपले गिऱ्हाईक त्याच्याकडे पाहत नाही, हे आश्चर्य आहे.

नावावरूनही फसू नये. सान्सुईचे जुने ए.यू. मालिकेतील ॲम्प्लिफायर खरोखर दर्जेदार. पण ती मूळ जपानी कंपनी बुडाली. आज त्या नावाने विकल्या जाणाऱ्या टीव्हीच्या दुकानात त्या ॲम्प्लिफायरचा पार्ट मिळेल, अशी आशा धरू नये.

व्होल्टचा घोळ

आमच्या पाहण्यात सर्वांत जास्त सेट जळतात ते या एका कारणाने. आखातातून आलेल्या सेटच्या मागे बहुधा ११०, १२७, २२०, २४० असा फिरवायचा खटका असतो. तो २२० वर ठेवायचा की २४० वर, ते घरातला दाब मीटरने मोजून ठरवावे. पण थेट जपानमधून आलेला सेट १०० व्होल्टचा आणि अमेरिकेतून आलेला १२० व्होल्टचा असतो आणि पुष्कळांना खटका नसतोच. मागच्या पट्टीवर काय छापले आहे ते आधी वाचावे. आपल्या २३० व्होल्टला तो सरळ लावला तर क्षणात संपतो.

मग स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर येतो. येथे एक बारीक गोष्ट बहुतेक दुकानदार सांगत नाहीत. बाजारात तयार मिळणारा स्टेपडाऊन साधारणतः ११० व्होल्टचा असतो. जपानी सेटला हवे १०० व्होल्ट. म्हणजे दहा टक्के दाब सुरुवातीलाच जास्त. त्यात रात्री आपल्याकडे विजेचा दाब २५० पर्यंत चढला की त्या ट्रान्सफॉर्मरमधून जवळपास १२० व्होल्ट निघतात. चाळीस वर्षांचे कंडेन्सर हा वीस टक्क्यांचा बोजा किती दिवस सोसतील? म्हणून स्टेपडाऊन १०० व्होल्टचाच गुंडाळून घ्यावा. सेटच्या पट्टीवर जितके वॅट खर्च लिहिला असेल त्याच्या दीडपट ते दुप्पट क्षमतेचा असावा.

घेण्याआधीची तपासणी

विक्रेत्याकडे जाताना तीन वस्तू न्याव्यात : साधा डिजिटल मीटर, सिरीज बोर्ड आणि आपल्या ओळखीचा कारागीर. शक्य असेल तर जुन्या स्वस्त स्पीकरची जोडीही न्यावी. आपले चांगले स्पीकर पहिल्या दिवशी कुणाच्याही सेटला लावू नयेत.

आधी बंद सेट पाहावा. झाकणाच्या स्क्रूंची डोकी खरवडलेली आहेत का? जळका वास येतो का? आत गंज, पालीची घाण, मुंग्यांचे घर आहे का? मग सिरीज बोर्डावर १०० वॅटचा जुना तंतूचा पिवळा बल्ब लावून सेट चालू करावा. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही. बल्ब क्षणभर प्रखर होऊन मंद झाला तर ठीक. प्रखरच राहिला तर आत शॉर्ट आहे, तेथेच थांबावे. (क्लास ए जातीचा सेट मुळातच सतत वीज ओढतो, त्याच्या बाबतीत बल्ब बराच पेटलेला राहील, हे ध्यानात ठेवावे.)

यानंतर सरळ विजेवर दहा मिनिटे चालवून, स्पीकर न जोडता, मीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक बाजूची स्पीकरची लाल-काळी टोके मोजावीत. ५० च्या आत आकडा असेल तर चिंता नाही. १०० च्या वर असेल तर कारण शोधल्याशिवाय स्पीकर लावू नये, कारण हाच डीसी दाब स्पीकरची कॉइल जाळतो. दोन्ही बाजूंचे आकडे कागदावर लिहून घ्यावेत.

मग स्पीकर जोडून तासभर ऐकावे. विक्रेता घाई करतो, आपण करू नये. गाणे बंद ठेवून आवाजाचे बटण शून्यावर ठेवल्यावर स्पीकरमधून घुर्रर्र येत असेल तर मोठे कंडेन्सर गेले असावेत. पेटीतूनच बारीक गुणगुण येत असेल तर ती ट्रान्सफॉर्मरची, बहुधा निरुपद्रवी. तासाभराने दोन्ही बाजूंच्या हीट सिंकना हात लावावा. एक कोमट आणि दुसरा चटका देणारा असेल तर सौदा लांबणीवर टाकावा.

व्हॉल्व्हच्या सेटबद्दल दोनच शब्द. १९६१ सालचा मॅकिंटॉश एमसी २७५ असो की कुणी घरी बांधलेला, व्हॉल्व्ह आजही नवे मिळतात, आऊटपुट ट्रान्सफॉर्मर मात्र सहज मिळत नाही. तो जळालेला नाही ना, हे मोजून घ्यावे. स्पीकर न जोडता असा सेट कधी चालवू नये, आणि वायर काढल्यानंतरही आत चारशे-पाचशे व्होल्ट साठून राहतात, म्हणून नवख्याने हात घालू नये.

पैशाचा हिशेब

समजा, एका जपानी सेटचे विक्रेता ८०,००० रुपये सांगतो. तसाच, पण काम पूर्ण झालेला सेट बाजारात १,००,००० ला जातो. आता आपला खर्च मांडू : स्टेपडाऊन ६,०००, कंडेन्सर व रिले ९,०००, मजुरी ८,०००, वाहतूक ३,०००, एकूण २६,०००. म्हणजे ७४,००० च्या वर दिलेला प्रत्येक रुपया तोट्याचा. न दिसलेल्या बिघाडासाठी आणखी १०,००० वजा केले की ६४,००० उरतात. हे आकडे रीत दाखवण्यासाठी घेतले आहेत. आपापल्या गावचे दर घालावेत. क्लास ए सेट असेल तर विजेचेही धरावे : ३०० वॅट, रोज चार तास, म्हणजे महिन्याला ३६ युनिट.

चालू नसलेला सेट ‘फक्त फ्यूज गेला आहे’ म्हणून दाखवला तर त्याची किंमत ट्रान्सफॉर्मर, सांगाडा आणि हीट सिंक एवढीच धरावी. फ्यूजच गेला असता तर विक्रेत्याने तो बदलून चालू सेटची किंमत मागितली असती.

पावती घ्यावीच. तीत मॉडेल, सिरियल नंबर, विकणाऱ्याचे नाव-पत्ता आणि सही असावी. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम २७ प्रमाणे साधारणतः विकणाऱ्याची जेवढी मालकी तेवढीच घेणाऱ्याला मिळते. माल चोरीचा निघाला तर पैसे देऊनही तो आपला होत नाही. जुना माल परदेशातून मागवण्यावर परवान्याची बंधने आहेत, तेव्हा पैसे पाठवण्याआधी कस्टमचे काम करणाऱ्या एजंटाला विचारावे.

या धंद्यात उतरू पाहणाऱ्या आमच्या दुकानदार बंधूंनी जीएसटीचा नियम ३२(५) पाहून ठेवावा. वापरलेला माल आहे तसा किंवा किरकोळ दुरुस्ती करून विकणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याने खरेदीवर कराची वजावट घेतलेली नसेल, तर कर पूर्ण विक्री किमतीवर न लागता खरेदी-विक्रीच्या फरकावर लागतो. ५०,००० ला घेऊन ६५,००० ला विकला तर कर १५,००० वर. त्यासाठी खरेदीची पावती जपून ठेवलेली हवी.

राहता राहिली वाहतूक. असे सेट पंचवीस-तीस किलो सहज भरतात आणि त्यातला निम्मा भार एकट्या ट्रान्सफॉर्मरचा असतो. पार्सल एकदा जोरात आपटले की ट्रान्सफॉर्मर स्क्रूसकट उखडून बोर्डावर पडतो. खोक्यात खोके, मध्ये जाड फोम, आणि जमल्यास लाकडी तळ अशी बांधणी करून घ्यावी. त्याहून बरे म्हणजे स्वतः जाऊन गाडीतून आणावा, तोही उभा न ठेवता आडवा, पायांवर बसवून.