धागा टाकायची भीती: क्रोन्सचा रुग्ण नेमका कशाला घाबरतो, आणि ते मोजायचं कसं?

सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास सापडतं: ‘शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णांना वाटणाऱ्या भीतीचा अभ्यास करणे.’ वाचायला छान वाटतं. पण गाईडने विचारलं की भीती कशाची, कुणाची आणि कधीची, तर तिथेच गाडी अडते. आज एका अगदी छोट्या शस्त्रक्रियेच्या निमित्ताने हे तीन प्रश्न सोडवून पाहू.

आधी आजाराबद्दल थोडं. क्रोन्स हा पचनमार्गाचा दीर्घकाळ चालणारा दाहाचा आजार आहे. 1932 साली न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयातल्या बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर यांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. वर्णानुक्रमे क्रोन यांचं नाव पहिलं होतं, तेच आजाराला चिकटलं. (आपल्याकडे आतड्याचा क्षयरोगही बराचसा असाच दिसतो, त्यामुळे निदानालाच कधी कधी महिने जातात.) काही रुग्णांमध्ये हा दाह आतड्याच्या भिंतीतून आरपार जातो आणि गुदद्वाराशेजारच्या त्वचेपर्यंत एक बोगदा तयार होतो. हेच भगंदर. बोगद्याचं बाहेरचं तोंड बुजलं की आत पू साठून गळू होतं, ताप येतो, खुर्चीवर टेकवत नाही.

अशा वेळी सर्जन ‘सेटन टाकू’ म्हणतात. भूल देऊन तपासणी करतात, साठलेला पू काढतात आणि बोगद्यातून एक मऊ, बहुधा सिलिकॉनचा दोरा ओवून त्याची दोन टोकं बाहेर सैल बांधतात. कानात बाळी असली की भोक बुजत नाही, तसंच हे. बहुतेकदा रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. दोरा काही आठवडे ते काही महिने राहतो. अंघोळ, शौच, चालणं-फिरणं सगळं सुरू राहतं. थोडा स्राव येतच राहतो, आणि तो यावा म्हणूनच तर दोरा टाकलेला असतो.

एवढ्याशा गोष्टीचं महत्त्व काय? 1999 साली इन्फ्लिक्सिमॅब या औषधाची भगंदर असलेल्या 94 क्रोन्स-रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. औषधाने भगंदर बंद होण्याचं प्रमाण लक्षणीय वाढलं, पण औषध घेणाऱ्यांमध्ये जास्त आढळलेल्या त्रासांत गळूही होतं. बाहेरचं तोंड लवकर मिटतं, आतला बोगदा मात्र तसाच राहतो, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. त्यात हे औषध प्रतिकारशक्तीला आवर घालणारं. म्हणून आधी पू वाहून जाण्याची सोय, मग औषध, असा क्रम डॉक्टर धरतात. दोरा पुढे ढकलला की औषधही लांबतं.

माझ्या मावसबहिणीने तारीख तीनदा पुढे ढकलली. पहिल्यांदा परीक्षा होती, दुसऱ्यांदा घरात लग्न. तिसऱ्यांदा ती सरळच म्हणाली, “ताई, मला भीती वाटते गं.” घरातल्या सगळ्यांचं उत्तर एकच: “अगं, छोटंसं तर आहे!” मी जरा वेगळं विचारलं, कशाची वाटते? तर भुलेची अजिबात नाही. कापाकापीचीही फारशी नाही. तिला आठवत होते गावाकडचे एक काका. त्यांनाही ‘धागा’ टाकला होता, दर आठवड्याला तो बदलायचे आणि ते दोन दिवस कण्हत पडायचे. दुसरी भीती तिने खूप वेळाने सांगितली: शौचावरचा ताबा गेला तर? पोटाला पिशवी लावावी लागली तर?

काकांचा धागा होता क्षारसूत्र. सुश्रुतसंहितेत उल्लेख असलेल्या या पद्धतीला बनारस हिंदू विद्यापीठात प्रा. पी. जे. देशपांडे यांनी 1960 च्या दशकात नवं रूप दिलं. धाग्यावर निवडुंगाच्या जातीतल्या स्नुहीचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे थर चढवतात. तो ठरावीक दिवसांनी बदलतात आणि तो बोगदा हळूहळू कापत जातो. साध्या भगंदरासाठी ही पद्धत आपल्याकडे चांगली रुळली आहे. क्रोन्समध्ये टाकतात तो दोरा मात्र सैल असतो, काही कापत नाही. या आजारात जखमा नीट भरत नाहीत आणि गुदद्वाराचा स्नायू जपायचा असतो, म्हणून कापणारा धागा इथे टाळतात. म्हणजे तिची भीती खरी होती, पण ती एका वेगळ्याच शस्त्रक्रियेची होती. ‘धागा’ हा शब्द तेवढा दोन्हीकडे सारखा. “छोटंसं तर आहे” या वाक्याने तिच्या दोन्ही प्रश्नांना हातसुद्धा लागला नव्हता.

आता मोजमापाकडे येऊ. शस्त्रक्रियेपूर्वीची चिंता मोजायला सगळीकडे वापरली जाणारी एक सोपी प्रश्नावली आहे, अपैस. अ‍ॅमस्टरडॅममध्ये मोअरमन आणि सहकाऱ्यांनी ती 1996 साली प्रसिद्ध केली. फक्त सहा विधानं, प्रत्येकाला 1 ते 5 गुण. चार विधानं चिंतेची, म्हणजे गुण 4 ते 20. दोन विधानं माहितीच्या गरजेची, म्हणजे 2 ते 10. मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट ही की भीती आणि माहितीची भूक या दोन गोष्टी तिने वेगळ्या मोजल्या. काही लोक घाबरलेले असतात आणि त्यांना सगळं जाणून घ्यायचं असतं. काही तितकेच घाबरलेले असतात आणि म्हणतात, डॉक्टर, मला काही सांगू नका, करून टाका. दोघांच्या हातात एकच माहितीपत्रक देणं बरं नव्हे.

पण विधानं नीट पाहा. ती भुलेबद्दल आणि प्रत्यक्ष शस्त्रक्रियेबद्दल आहेत. ‘नंतर काय’ हा विषय त्यांत नाही. माझ्या बहिणीने ती प्रामाणिकपणे भरली असती तर भुलेच्या विधानांना नक्कीच कमी गुण दिले असते, आणि पिशवीच्या भीतीला तिथे जागाच नाही. आशय-वैधता म्हणतात ती हीच. साधन चांगलं आहे, पण तुमच्या रुग्णाची भीती त्यात मावते का, हे तुम्ही तपासायचं असतं. आतड्याच्या दाहाच्या आजारांसाठी ड्रॉसमन आणि सहकाऱ्यांनी 1991 साली 25 काळज्यांची एक वेगळी यादी मांडली. तिच्यात वरच्या क्रमांकावर आलेल्या काळज्यांमध्ये आजाराची अनिश्चितता आणि औषधांचे परिणाम होते, शस्त्रक्रियाही होती आणि पिशवीसुद्धा होती. तुमचा विषय असा असेल तर मी दोन्ही साधनं वापरीन आणि शेवटी एक मोकळा प्रश्न ठेवीन: ‘तुम्हाला सगळ्यात जास्त कशाची काळजी वाटते?’ सांकेतिकीकरणाला वेळ जातो, पण काकांची गोष्ट त्याशिवाय बाहेर येत नाही.

भीती कमी करायला काय करता येतं, यावर 2016 चा कोक्रेन आढावा वाचाच. मानसिक पूर्वतयारीचे 105 अभ्यास, दहा हजारांहून जास्त सहभागी. पूर्वतयारी म्हणजे काय काय होतं? शस्त्रक्रियेत काय होणार याची माहिती, अंगाला काय जाणवेल याची माहिती, कसं वागायचं याच्या सूचना, विचार बदलण्याची तंत्रं, शिथिलीकरण, संमोहन, भावना बोलून दाखवणं. वेदना, मनःस्थिती आणि रुग्णालयातले दिवस यांत फायदा असू शकतो आणि अपाय होण्याची शक्यता कमी, असा निष्कर्ष निघाला. पण पुराव्याचा दर्जा खालचा ठरला, कारण अभ्यास एकमेकांपेक्षा फार वेगळे आणि अनेकांची मांडणी कच्ची. तुमच्यासारख्यांना काम शिल्लक आहे, हा त्याचा अर्थ.

या यादीतली ‘काय जाणवेल’ ही कल्पना जीन जॉन्सन या परिचारिका-संशोधिकेने 1970 च्या दशकात पुढे आणली. काय करणार हे सांगण्यापेक्षा काय जाणवेल हे सांगितलं तर त्रास कमी होतो का, असा तिचा प्रश्न होता, आणि प्रयोगांत त्याचं उत्तर बरेचदा हो असं आलं. बहिणीसाठी आम्ही हेच केलं. कागदावर तीन प्रश्न लिहून ती सर्जनकडे गेली: हा दोरा स्नायू कापतो का, बसल्यावर काय टोचेल, आणि पिशवीचा याच्याशी संबंध काय? पाच मिनिटं लागली. पुढच्या तारखेला ती गेली. एका माणसाची गोष्ट म्हणजे पुरावा नाही, हे तुम्हाला सांगायला नकोच.

दोऱ्याबद्दल अवास्तव आशाही नको. नेदरलँड्समधल्या पिसा या चाचणीत वर्षभराचा सेटन, औषध आणि शस्त्रक्रियेने भगंदर बंद करणं यांची तुलना केली होती. सेटनच्या गटात 15 पैकी 10 जणांना पुन्हा काहीतरी प्रक्रिया करावी लागली, औषधाच्या गटात 15 पैकी 6, शस्त्रक्रियेच्या गटात 14 पैकी 3. संख्या लहान आहेत, चाचणी मध्येच थांबवली होती. तरी दोरा ही उपचाराची सुरुवात आहे, एवढं रुग्णाला आधी सांगितलेलं बरं. नाहीतर दुसऱ्यांदा भूल घ्यायची वेळ आली की त्याला फसवल्यासारखं वाटतं.

राहिला ‘कधीची’ हा प्रश्न, आणि नमुना निवडीची खरी मेख इथे आहे. बहुतेक विद्यार्थी शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी वॉर्डात जाऊन प्रश्नावली भरून घेतात. सोपं पडतं, परवानगीही लवकर मिळते. पण वॉर्डात असतात ते आलेले लोक. तीनदा तारीख ढकललेली मुलगी त्या खाटेवर नसते. सगळ्यात घाबरलेले रुग्ण तुमच्या नमुन्यात शिरतच नाहीत आणि तुमची सरासरी आपोआप खाली येते. तेव्हा शक्य असेल तर ओपीडीत, सर्जनने ‘दोरा टाकू’ म्हटल्याच्या दिवशीच संमती घेऊन पहिली नोंद करा, आणि कोण आलं, कोण आलं नाही, याची पुढे नोंद ठेवा. यासाठी नैतिकता समितीकडे पाठपुराव्याच्या फोनची परवानगी वेगळी मागावी लागते. ती अर्ज करतानाच मागा, नंतर दुरुस्ती करून घेण्यात एक सत्र सहज जातं.