अडलेल्या काडतुसाची कुळकथा

पॉइंट टू टूच्या पिस्तुलात काडतूस अडकलं की रेंजवर दोन प्रकारची माणसं दिसतात. एक जण चिडून बोल्ट मागे खेचतो, काडतूस खाली पाडतो आणि पुढे मारायला लागतो. दुसरा पिस्तुलाची नळी समोरच ठेवून, काहीही न हलवता, आत नेमकं काय झालंय ते बघतो. नेमबाज म्हणून मी सुमार. पण या दुसऱ्या जातीच्या माणसांच्या मागे उभं राहून, त्यांनी काढलेले निष्कर्ष ऐकण्याचा नाद मला फार वर्षांपासून आहे. अडकलेल्या काडतुसाचं कारण शोधता शोधता मी एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतल्या एका पेटंटपाशी जाऊन पोचलो. तिथून पुढे हा लेख पिस्तुलाचा कमी आणि एका कमनशिबी माणसाचा जास्त झाला.

आधी पिस्तूल. पंचवीस मीटर रॅपिड फायरमध्ये नेमबाज हात ४५ अंशांत खाली धरून उभा असतो. खूण होताच हात वर येतो आणि शेजारशेजारच्या पाच लक्ष्यांवर एकेक गोळी जाते. आधी ८ सेकंदांत, मग ६, मग ४. लंडन २०१२ला विजय कुमारने रौप्य मिळवलं ते याच प्रकारात. ४ सेकंदांच्या त्या मालिकेत प्रत्येक गोळीनंतर रिकामी पितळी नळी बाहेर फेकली जाऊन नवं काडतूस चेंबरमध्ये बसावं लागतं, आणि हे सगळं नेमबाजाला जाणवूही नये. एक काडतूस तिरकं झालं की उरलेला सराव, आहार, मानसशास्त्र सगळं बाजूला राहतं.

पॉइंट टू टू हे रिमफायर काडतूस. सेंटरफायरमध्ये बुडाच्या मधोमध वेगळी प्राइमर बसवलेली असते. इथे ती सोय नाही. बुडाची कड आतून पोकळ असते, ठिणगी देणारं मिश्रण त्या पोकळीत भरलेलं असतं आणि फायरिंग पिन कडेलाच चेपते. कड म्हणून बाहेर यावीच लागते. काडतुसाचं अंग साधारण ५.७ मिलिमीटरचं, कड ७ मिलिमीटरची. अशी काडतुसं मॅगझिनमध्ये एकावर एक रचली की प्रत्येकाची कड शेजारणीच्या वाटेत येते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे बसली असेल तर बोल्टने ढकलल्यावर ते सुखाने निघून जातं. ती मागे राहिली असेल तर वरच्याला पुढे जाताना खालच्यालाही ओढत न्यावं लागतं, आणि दोघंही दारात अडकतात. मॅगझिन तिरकं ठेवून डिझाइनर यावर थोडी मात करतात. पुष्कळ टार्गेट पिस्तुलांची मूठ मागे कललेली दिसते त्यामागे हेही एक कारण आहे.

मग अशी कड असलेलं काडतूस मॅगझिनसाठी निवडलं कोणी? कोणीच नाही. ते जन्मलं रिव्हॉल्व्हरसाठी.

पॅरिसच्या फ्लोबेरने १८४५च्या सुमारास दिवाणखान्यात नेमबाजी करायला चिमुकलं कडेचं काडतूस काढलं, ज्यात दारू जवळजवळ नव्हतीच. होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन यांनी त्या कल्पनेला लांबी आणि दारू दिली, आणि १८५७मध्ये मॉडेल वन नावाचं सात गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. त्याचं काडतूस म्हणजे आजचं पॉइंट टू टू शॉर्ट. रिव्हॉल्व्हरमध्ये ही कड वरदान होती. फिरत्या सिलिंडरला मागूनपुढून आरपार भोकं, काडतूस मागून सरकवायचं, कड टेकली की ते थांबतं. प्रत्येकाची खोली वेगळी, भांडण नाही. अडचण एकच होती: आरपार भोकाचं पेटंट स्मिथ आणि वेसन यांच्याकडे नव्हतं. ते होतं रॉलिन व्हाइट या माणसाकडे.

व्हाइटचा जन्म १८१७चा, व्हर्मॉन्टमधला. हार्टफर्डला रिव्हॉल्व्हर बनवणाऱ्या कोल्टच्या कारखान्यात तो कंत्राटावर काम करत असे. त्याचं पेटंट क्रमांक १२,६४८, तारीख ३ एप्रिल १८५५. त्यात दाखवलेलं रिव्हॉल्व्हर कागदी काडतुसांसाठी होतं आणि तसं ते कुणी वापरल्याचं दिसत नाही. पण दाव्याचा पहिला परिच्छेद वाचताना मी थबकलो. सिलिंडरची भोकं मागपर्यंत आरपार नेल्याने ती मागून भरता येतील, हाताने किंवा आपोआप भरणाऱ्या यंत्रणेने, असं त्यात आहे. म्हणजे ज्या कागदामुळे कडेच्या काडतुसाचं घराणं उभं राहिलं, त्याच कागदात स्वयंचलित भरणीचं स्वप्नही होतं. ते व्हाइटला जमलं नाही, आणि त्याच्या कृपेने आलेल्या काडतुसाने पुढे सगळ्यांनाच त्या बाबतीत छळलं.

कोल्टचं स्वतःचं रिव्हॉल्व्हरचं पेटंट १८५७ला संपणार होतं. स्मिथ आणि वेसन त्याचीच वाट बघत होते. १७ नोव्हेंबर १८५६ला त्यांनी व्हाइटशी करार केला: दर रिव्हॉल्व्हरमागे २५ सेंट रॉयल्टी. व्हाइटला भागीदारी दिली नाही. आणि एक कलम घातलं, ज्याला मी त्या काळातलं सगळ्यात धूर्त कलम म्हणेन. पेटंटवर कोणी हात मारला तर कोर्टकचेरी व्हाइटने स्वतःच्या खर्चाने करायची.

पुढे काय झालं असेल ते सांगायला नको. अमेरिकन यादवी युद्ध सुरू झालं, सैनिक स्वतःच्या खिशातून ही छोटी रिव्हॉल्व्हरं घ्यायला लागले आणि नक्कल करणाऱ्यांचं पीक आलं. काहींनी चोरी केली, काहींनी पळवाट काढली. मूर नावाच्या एकाने तर बुडाला बोंडी असलेलं आणि समोरून भरायचं काडतूस काढून आरपार भोकच टाळलं. व्हाइट खटले भरत राहिला. ईथन अ‍ॅलनविरुद्धचा मुख्य खटला तो जिंकला. अपिलात सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींची मतं समसमान पडली, म्हणून खालचा निकाल टिकला. इतक्या काठावर उभा होता तो हक्क. मध्यंतरी लोवेल गावी व्हाइटच्या नावाची कंपनी निघाली, स्मिथ आणि वेसनना ती रिव्हॉल्व्हरं पुरवी. ती बंद पडून विकली गेली, आणि विकत घेणाऱ्यांनी त्याच यंत्रांवर पेटंट मोडणारी रिव्हॉल्व्हरं काढायला सुरुवात केली. म्हणजे व्हाइटला स्वतःच्याच जुन्या कारखान्यावर दावा ठोकावा लागला.

१८६९ला पेटंट संपलं. हाती आलेली रॉयल्टी ७० हजार डॉलरांच्या आसपास, त्यातली बरीच वकिलांकडे गेलेली. मुदतवाढीसाठी व्हाइट काँग्रेसकडे गेला. तिथे त्याच्या दिलाशाचं विधेयक चक्क मंजूर झालं आणि सहीसाठी राष्ट्राध्यक्षांकडे गेलं. राष्ट्राध्यक्ष होते यूलिसिस ग्रँट, युद्धातला सेनापती. ११ जानेवारी १८७०ला त्यांनी नकाराधिकार वापरून ते परत पाठवलं. सोबत लष्कराच्या शस्त्रसामग्री विभागाचे प्रमुख डायर यांचं पत्र होतं. त्यांचं म्हणणं असं, की युद्धात या पेटंटमुळे इतर कारखानदारांना ही रचना वापरता आली नाही आणि सरकारची अडचण झाली. आता जुनी रिव्हॉल्व्हरं धातूच्या काडतुसांसाठी बदलून घ्यायची तर आधीच भरपूर मिळालेल्यांना आणखी पैसे का मोजायचे?

मला हे पत्र अर्धंच पटतं. मुदतवाढ नाकारणं योग्यच होतं. चौदा वर्षं पुरेशी आहेत. पण ‘भरपूर मिळालेले’ या वर्गात व्हाइटला बसवणं अन्यायाचं आहे. भरपूर मिळालं ते स्मिथ आणि वेसन यांच्या कंपनीला, त्या एका कलमाच्या जोरावर. व्हाइट १८९२ला वारला.

तोवर कडेचं काडतूस पार रुजलं होतं. १८८७ला स्टीव्हन्स कंपनीने लांब पितळी नळी आणि ४० ग्रेनची गोळी एकत्र आणून लाँग रायफल काढलं, आणि स्वस्त, कमी धक्क्याचं म्हणून तेच जगभर टिकलं. १९१५ला कोल्टने जॉन ब्राउनिंगच्या रचनेवरून मॅगझिनचं पॉइंट टू टू पिस्तूल आणलं, ज्याला पुढे वुड्समन नाव मिळालं. १९३०च्या सुमारास जास्त वेगाची काडतुसं आली तेव्हा कोल्टला १९३२मध्ये बोल्टमागचा भाग बदलून मजबूत करावा लागला. कारण या पिस्तुलांत बोल्टला कुलूप नसतं. रिकामी नळीच बोल्टला मागे ढकलते. काडतूस आणि स्प्रिंग यांचं गणित जुळलं तरच यंत्र चालतं.

पिस्तुलं दुरुस्त करणाऱ्या आर्मररच्या टेबलावरचं शहाणपण मी जसं ऐकलं तसं सांगतो. पिस्तूल अडलं की बहुतेकांना कानस आठवते; काडतूस चेंबरकडे चढवणारा उतार, म्हणजे फीड रॅम्प, घासून गुळगुळीत करावासा वाटतो. हे शेवटचं काम, आणि निम्म्या वेळा पिस्तूल कायमचं बिघडवणारं. आधी बघायचं ते मॅगझिन. प्रत्येक मॅगझिनवर खूण करा. एकाच मॅगझिनला त्रास असेल तर पिस्तुलाला हातही लावू नका. मॅगझिनच्या तोंडाच्या कडा, ज्यांना सगळे लिप्स म्हणतात, केसभर उघडल्या की काडतूस लवकर सुटतं आणि नाक वर करतं; दबल्या की नाक रॅम्पवर आपटतं. गोळीच्या शिशावर आडवा ओरखडा कुठे पडलाय ते बघितलं की यातलं काय झालंय ते कळतं. भरताना अंगठ्याने मॅगझिनचं बटण पार खाली ओढून काडतुसं आत टाकायची सवयही वाईट. मोकळ्या जागेत ती हवी तशी पडतात आणि त्यांच्या कडा उलटसुलट बसतात.

मग काडतूस. रिकामी नळी खिडकीत उभी अडकते, किंवा बोल्ट नव्या काडतुसाच्या मागेच पोचत नाही, तेव्हा पिस्तूल घाण तरी असतं, स्प्रिंग जड तरी, नाहीतर काडतूस त्या पिस्तुलाला हलकं. ब्रँड बदलून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला. लाँग रायफलच्या गोळीला मेण बाहेरून लावलेलं असतं. ते रॅम्पवर, चेंबरच्या तोंडाशी आणि रिकामी नळी ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली दारूच्या काजळीत मिसळून साठतं, थंडीत घट्ट होतं. टूथपिकने नख खालून साफ केल्यावर चालायला लागलेली पिस्तुलं मी बघितली आहेत.

आणि एक खास रिमफायरचं दुखणं. काही जुन्या पिस्तुलांत रिकाम्या चेंबरवर ट्रिगर ओढत सराव केला की फायरिंग पिन, कड नसल्यामुळे, थेट चेंबरच्या काठावर आपटते. तिथे धातूचा बारीक उंचवटा येतो, आणि काडतूस शेवटच्या मिलिमीटरला अडतं. बाहेरून काही दिसत नाही. उजेडात भिंग लावून काठ बघणारा आर्मरर भेटेपर्यंत लोक स्प्रिंगवर स्प्रिंग बदलत बसतात.

रॅपिड फायरवाल्यांनी बराच काळ वेगळीच वाट धरली होती. धक्का कमी म्हणून ते शॉर्ट काडतूस मारत, त्यासाठी वॉल्थर ओएसपीसारखी वेगळी पिस्तुलं होती. २००५पासून नियम बदलला आणि त्यांना लाँग रायफलवर, हजार ग्रॅमच्या ट्रिगरवर यावं लागलं. जुन्या लोकांना ते आजही खुपतं. मला विचाराल तर बरं झालं. एका स्पर्धेपुरतं जगणारं महागडं पिस्तूल नव्या मुलांनी का घ्यावं? आता पुरुषांच्या रॅपिड फायरला आणि महिलांच्या पंचवीस मीटर पिस्तुलाला तेच काडतूस लागतं. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या जकार्ता-पालेंबांग आशियाई स्पर्धेत याच काडतुसाने ३४-३४ अशी बरोबरी झाल्यावर दोन शूट-ऑफ काढले आणि सुवर्ण घेतलं. तिथे एकही काडतूस अडणं परवडणारं नव्हतं.

सामन्यात अडलंच तर नियम स्पष्ट आहे. पिस्तूल लक्ष्याकडेच ठेवायचं, मूठ सोडायची नाही, मोकळा हात वर करायचा. दोष पिस्तुलाचा किंवा काडतुसाचा निघाला तर मालिका पुन्हा मिळते. मॅगझिन नीट बसवलं नव्हतं, काडतुसं कमी भरली होती, सेफ्टी लागलेली होती किंवा खेळाडूने स्वतःच बोल्टला हात लावला, तर न मारलेल्या गोळ्यांचे शून्य गुण. म्हणून चांगले प्रशिक्षक सरावातही बोल्टला हात लावू देत नाहीत. रेंज ऑफिसर पिस्तूल घेतो, बोल्ट उघडतो. चेंबरमध्ये न उडालेलं काडतूस निघालं तर ट्रिगर ओढला गेला होता का, हा प्रश्न येतो. त्याचं उत्तर पुष्कळदा त्या पितळी कडेवरच मिळतं: पिनची खूण आहे की नाही.