चिरलेल्या कोबीतलं आम्ल

1927 साली इंग्लंडमध्ये चिबनॉल आणि चॅनन या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी कोबीच्या पानांतली मेदद्रव्यं वेगळी काढली. हाती लागलेला मुख्य पदार्थ बुचकळ्यात टाकणारा होता. फॉस्फरस होता, मेदाम्लं होती. पण लेसिथिनसारख्या परिचित मेदांत असतो तो नायट्रोजन नव्हता. त्याचं नाव पडलं फॉस्फॅटिडिक आम्ल.

पुढे वीस वर्षांनी अमेरिकेत हनाहन आणि चायकॉफ यांनी गाजर आणि कोबीत एक विकर शोधलं आणि चित्र पालटलं. भाजी ठेचली, पेशी फुटल्या, की हे विकर लेसिथिनचं कोलीन तोडून टाकतं आणि मागे फॉस्फॅटिडिक आम्ल उरतं. म्हणजे 1927 मध्ये मिळालेला साठा बव्हंशी पान कुटताना तयार झालेला होता. या विकराचं आजचं नाव फॉस्फोलायपेज डी. त्याचा धसका प्रयोगशाळांनी अजून सोडलेला नाही. पानातले मेद मोजायचे तर पान खुडल्याखुडल्या 75 अंश सेल्सिअसच्या आयसोप्रोपॅनॉलमध्ये बुडवतात. विकर जागच्या जागी ठार झालं, तरच आकड्यांत अर्थ.

गंमत म्हणजे, नासधुशीची ही खूण वनस्पती स्वतःच कामाला लावते. पाणी कमी पडलं की पानाच्या पेशी याच विकराकरवी फॉस्फॅटिडिक आम्ल बनवतात. ते एबीआय-1 नावाच्या प्रथिनाला पेशीपटलाशी धरून ठेवतं, आणि पर्णरंध्रं मिटायला आड येणारा हा अडसर दूर होतो.

रेणू तसा साधाच. ग्लिसरॉलचा तीन कार्बनांचा कणा, त्यावर दोन मेदाम्लांच्या शेपट्या आणि तिसऱ्या जागी उघडा फॉस्फेट. लेसिथिनसारख्या भावंडांत या फॉस्फेटवर आणखी काहीतरी चढवलेलं असतं; इथे डोकं बोडकंच. सगळी करामत या बोडकेपणात आहे. डोकं लहान आणि शेपट्या रुंद, त्यामुळे हा रेणू जिथे गोळा होतो तिथलं पटल सहज वाकतं. शिवाय फॉस्फेटचा दुसरा प्रोटॉन सुटतो तो साधारण पीएच सातच्या आसपास, म्हणजे पेशीच्या आतल्या आम्लतेच्याच टापूत. आम्लता जराशी हलली तरी रेणूवरचा ऋणभार बदलतो.

यीस्ट याचा धूर्तपणे वापर करतं, हे 2010 मध्ये दिसून आलं. भरपूर ग्लुकोज असताना ओपीआय-1 हे प्रथिन फॉस्फॅटिडिक आम्लाला चिकटून केंद्रकाबाहेर बसतं. ग्लुकोज संपलं की पेशीचं अंतरंग आंबट होतं, पकड सुटते, ओपीआय-1 केंद्रकात शिरतं आणि पटल बांधणारी जनुकं बंद पाडतं. खायला नाही तर बांधकाम कशाला, असा रोकडा हिशोब.

बांधकाम हा शब्द इथे अक्षरशः घ्यावा, कारण पेशीतली चरबी आणि पटलांचे बहुतेक मेद याच आम्लापासून बनतात. ते बनवणाऱ्या एजीपीएटी-2 विकराचं जनुक बिघडलं, तर बाळ त्वचेखाली चरबीच नसल्यासारखं जन्मतं; ती चरबी पुढे यकृतात साठते आणि मधुमेह जडतो. उलट बाजूला, या आम्लाचा फॉस्फेट काढणारं लिपिन-1 नसेल तर एखाद्या साध्या तापात मुलाचे स्नायू विरघळू लागतात आणि लघवी कोलासारखी काळपट होते. पेशीत एकूण मेदांच्या मानाने हे आम्ल अगदी थोडं असतं. म्हणून ते किती आहे यापेक्षा कुठे, केव्हा आणि कुणी बनवलं, हे विचारणं मला अधिक मोलाचं वाटतं.

हे शोधायला बरीच वर्षं एक युक्ती चालली. फॉस्फोलायपेज डी एरवी पाण्याच्या रेणूने लेसिथिन तोडतं, पण समोर ब्युटॅनॉल आलं तर पाणी सोडून त्याच्या मागे लागतं; फॉस्फॅटिडिक आम्ल बनायचं राहतं. युक्ती सोपी होती आणि म्हणूनच अति वापरली गेली. नेमकी या विकराला रोखणारी औषधं हाती आल्यावर ब्युटॅनॉलच्या भरवशावर काढलेले बरेच निष्कर्ष डळमळले.

दारूतलं इथेनॉल मात्र आपल्या रक्तात हाच खेळ खेळतं. त्यातून फॉस्फॅटिडिलइथेनॉल हा रेणू बनतो, आणि तांबड्या पेशींत तो लवकर मोडत नाही. श्वासातला अल्कोहोलचा माग काही तासांत पुसला जातो. हा दोन ते चार आठवडे सापडू शकतो. त्यामुळे यकृत प्रत्यारोपणाआधी रुग्णाने दारू खरोखरच सोडली आहे का, हे डॉक्टर आता रक्ताच्या थेंबातून ताडून पाहू शकतात.