कोळशाचा बोअर पडला म्हणजे खाण लागली असं नाही. पैसा गुंतवण्याआधी हे तपासा

आर्णी : वणी, मारेगाव, झरी-जामणी पट्ट्यात कोळशाचा सर्व्हे निघाला की त्याची चर्चा आपल्या आर्णीच्या बाजारापर्यंत येते. ‘तिकडं चार एकर घेऊन ठेवा, दुप्पट होतील’ असं सांगणारेही भेटतात. कापसाचा चुकारा हातात असला की ही गोष्ट गोड वाटते. म्हणून सर्व्हेत दम किती, हे कसं ओळखायचं ते पाहू.

कोळसा कोणाचा?

सातबारा आपला असला तरी खालचा कोळसा आपला नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम ४८ प्रमाणे खनिजावर हक्क सरकारचा आहे. शेतमालकाला टनामागे पैसे मिळत नाहीत, मिळतो तो जमिनीचा मोबदला.

साठा कोणत्या प्रकारचा?

कोळशाचा शोध जी-४ पासून जी-१ पर्यंत चार पायऱ्यांनी होतो. सुरुवातीला नकाशे आणि मोजके बोअर, शेवटी जवळजवळ बोअर. साठ्याचे आकडे तीन तऱ्हेचे असतात : अनुमानित, सूचित आणि सिद्ध. बोअरपासून २०० मीटरच्या आतला कोळसाच ‘सिद्ध’ धरतात. कोणी ‘इतके कोटी टन’ म्हटलं तर त्यात सिद्ध किती, हे आधी विचारा.

खोली किती?

समजा कोळशाचा थर १० मीटर जाड आणि त्यावर माती-दगड ६० मीटर. एका चौरस मीटरखाली साधारण १५ टन कोळसा निघेल, म्हणजे टनामागे ४ घनमीटर माती उपसावी लागेल. तोच थर १५० मीटर खाली असला तर टनामागे १० घनमीटर. कोळसा तेवढाच, खर्च अडीचपट. याला स्ट्रिपिंग रेशो म्हणतात. खाण चालेल की नाही, हे बऱ्याच वेळा इथंच ठरतं.

दर्जाही पाहावा लागतो. उष्णतेवरून जी-१ ते जी-१७ अशी प्रतवारी असते. जी-१ सर्वात चांगला. दर्जा खाली गेला की भावही उतरतो.

आपल्या तालुक्याचं काय? आर्णीत काळ्या मातीखाली काळा पाषाण लागतो, हे विहीर खोदणाऱ्याला सांगायला नको. वणी पट्ट्यातला कोळसा गोंडवाना थरातला आहे. त्यामुळे वणीचा हिशेब आर्णीला लावू नये.

लिलाव झाला तरी थांबा

जून २०२० पासून खाजगी कंपन्यांना कोळसा विक्रीसाठी ब्लॉकचे लिलाव सुरू झाले. झरी-जामणीतला मार्की मांगली-२ त्याच पहिल्या फेरीतला. अर्धवट शोध झालेले ब्लॉकही लिलावात येतात. पुढचे बोअर आणि त्याची जोखीम मग घेणाऱ्याची. शिवाय २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी वाटलेले २१४ ब्लॉक एकदम रद्द केले होते. कागदावरचा प्रकल्प असाही बुडतो.

जमीन कधी जाते?

सरकारी कंपनीसाठी १९५७ चा कोळसा क्षेत्र कायदा लागतो. कलम ४ ची अधिसूचना फक्त शोधासाठी असते, तेवढ्यानं जमीन जात नाही. शोधात पिकाचं नुकसान झालं तर भरपाई मागता येते. कलम ७ निघालं की संपादनाचा इरादा जाहीर होतो. त्यानंतर ३० दिवसांत हरकत द्यावी लागते. कलम ९ ची घोषणा त्यापुढची.

मोबदला २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या हिशेबानं निघतो. त्यात रेडी रेकनर आणि आसपासच्या मागच्या तीन वर्षांच्या खरेदीखतांची सरासरी पाहतात. दलालाच्या तोंडचा भाव त्यात कुठंच नाही. चढ्या भावानं घेतलेली जमीन म्हणूनच अंगावर येऊ शकते.

इसार देण्याआधी चार गोष्टी कागदावर मागा : शोधाची पायरी, सिद्ध साठा, थराची खोली आणि अधिसूचनेचं कलम. यातलं काहीच समोरच्याकडं नसेल, तर चुकाऱ्याचा पैसा बँकेतच राहू द्या.