चांगल्या वस्तूचा लळा

भांडें घ्यावयास बाजारांत गेलेली खेड्यांतील स्त्री तें प्रथम बोटाच्या पेरानें वाजवून पाहते. नाद स्वच्छ आला व क्षणभर रेंगाळला, म्हणजे तिचें अर्धें समाधान होतें. बद्द आवाज आला कीं ती भांडें खालीं ठेवते. कोठें तरी बारीक चीर आहे, हें तिला न पाहतांच कळतें. मग ती कांठावरून आंतून-बाहेरून बोट फिरविते, भांडें फरशीवर ठेवून डुगडुगतें कीं काय तें पाहते, आणि शेवटीं भाव विचारते. ही परीक्षा तिला कोणत्याहि शाळेनें शिकविलेली नसते. आईच्या मागें उभें राहूनच तिनें ती आत्मसात केलेली असते.

धाराशिव जिल्ह्यांतील बेंबळी हें गांव या विषयाच्या दृष्टीनें विचारांत घेण्याजोगें आहे. तेथें कांहीं अपूर्व वस्तु निपजते म्हणून नव्हे, तर मराठवाड्यांतील शेंकडों गांवांसारखेंच तें एक गांव आहे म्हणून. ज्वारी, तूर व हरभरा हीं तेथील जुनीं पिकें, अलीकडच्या काळांत सोयाबीन, आणि पावसाचा बेभरंवसा तर नेहमींचाच. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यांत मोडत असे. अशा प्रदेशांत शेतकऱ्याच्या हातीं पैसा येतो तो सुगीला, आणि एखाद्या वर्षीं तोहि येत नाहीं. त्यामुळें घरांत वस्तू मोजक्या, आणि प्रत्येक वस्तु रोज सर्वांच्या हातांतली. श्रीमंताच्या घरचा दहावा तांब्या गळका निघाला तर त्याचे नऊ शिल्लक राहतात. ज्याच्या घरीं एकच घागर आहे, त्याला तिच्या बुडाची काळजी वाहावीच लागते. चांगल्या वस्तूची आवड ही चैन होय असें जें सर्रास बोललें जातें, तें म्हणूनच अर्धवट विचाराचें आहे. वस्तूची खरी पारख बहुधा थोड्या वस्तू असलेल्या घरांतच आढळते.

आणि ही पारख या मुलखाला नवी नाहीं. बेंबळीच्याच तालुक्यांत तेरणा नदीच्या कांठीं तेर हें गांव आहे. प्राचीन काळीं त्याचें नांव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक व्यापाऱ्यानें लिहिलेल्या सागरप्रवासाच्या वर्णनांत तगराचा उल्लेख येतो; तेथून जाडेंभरडें कापड आणि तलम मलमल हीं गाड्यांत भरून भडोचच्या बंदरास जात, असें त्यानें नमूद केलें आहे. तेर येथें रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहांतून उभें राहिलेलें वस्तुसंग्रहालय आहे. तेथील हस्तिदंती बाहुलीकडे लोक कौतुकानें पाहतात, तें योग्यच. परंतु मणी, मृण्मय मूर्ति व घरगुती वापराच्या वस्तू यांच्यापुढेंहि थोडें थांबावें. दोन हजार वर्षांपूर्वींच्या कुणब्याच्या घरांतहि कोणीतरी मडकें वाजवूनच घेतलें असेल!

आतां चांगली वस्तु म्हणजे काय, हें एखाद्या साध्या भांड्यावरूनच पाहावें. तांब्याची घागर घ्या. तांब्याचा पत्रा भट्टींत तापविला म्हणजे मऊ पडतो. त्यावर हातोडीचे ठोके पडूं लागले कीं त्याला आकार येतो, पण त्याबरोबर तो कठीणहि होत जातो. धातूच्या पोटांतील सूक्ष्म कणांचे थर एरवीं एकमेकांवरून सहज सरकतात; ठोक्यांनीं त्यांची रचना गुंतागुंतीची होते व तें सरकणें अवघड बनतें. हें काठिण्य मर्यादेबाहेर गेलें तर पत्रा तडकतो, म्हणून कारागीर त्यास पुन्हां तापवितो आणि पुन्हां ठोकतो. किती ठोके झाले म्हणजे तापवावयाचें, हें त्याला हातोडीच्या उसळीवरून आणि आवाजावरून समजतें. सर्वांत शेवटीं गुळगुळीत तोंडाच्या हातोडीनें एकाला एक लागून सारखे ठोके देत जातात, त्यास मठारकाम म्हणतात. पुण्यास कसबा पेठेंत तांबट आळी आहे. तेथील मठारकामाची ख्याति मोठी. घागरीवर चमकणाऱ्या त्या खवल्या शोभेसाठीं असतात असा पुष्कळांचा समज आहे. शोभा त्यांत आहेच. पण मुख्य गोष्ट अशी कीं त्या ठोक्यांनीं पातळ पत्रा ताठ राहतो व भरलेली घागर कमरेवर घेतली तरी दबत नाहीं. हल्लीं यंत्रानें दाबलेल्या भांड्यांवरहि अशाच खवल्या उमटवितात. त्या केवळ नक्कल असतात. त्यांत हातोडीचें काठिण्य नसतें.

अशा भांड्याची आपल्या धन्याकडेहि कांहीं मागणी असते. तांब्या-पितळेच्या भांड्यांत ताक, चिंचेचें सार किंवा आमटी राहिली तर ती कळकते, आणि कळकलेलें अन्न पोटास बाधतें. म्हणून आंतून कल्हई पाहिजे. भांडें घासून भात्यावर तापवावयाचें, त्यांत नवसागर टाकावयाचा, कथिलाची कांडी टेकवावयाची आणि कापसाच्या बोळ्यानें वितळलेलें कथील सर्वत्र फिरवावयाचें. क्षणार्धांत काळवंडलेलें पातेलें रुप्यासारखें होतें. कथील २३२ अंशांवर वितळतें आणि तांबें १०८५ अंशांवर, म्हणूनच हें साधतें. गल्लींतून कल्हईवाल्याची हांक आली कीं पोरें भोंवतीं जमत. पुढें जर्मनचीं म्हणजे ॲल्युमिनियमचीं व नंतर स्टीलचीं भांडीं आलीं आणि ती हांक बहुतेक ठिकाणीं थांबली. याबद्दल केवळ हळहळणें बरोबर नव्हे. स्टील कळकत नाहीं, त्याला कल्हई लागत नाहीं, आणि राखेनें भांडीं घासून ज्या बायकांचे हात फाटत त्यांना त्यानें सुख दिलें आहे. जाड बुडाचें, कांठ नीट वळविलेलें स्टीलचें पातेलें हीहि चांगलीच वस्तु आहे. निंद्य आहे तें कागदासारखें पातळ पातेलें, कीं ज्यांत दूध तापवितांच बुडाला लागतें.

लातूर हें गांव पितळी कुलपें आणि अडकित्ते यांसाठीं नांवाजलेलें. अडकित्ता म्हणजे दोन दांडे, एक खीळ आणि एक पातें, एवढेंच यंत्र! परंतु सुपारी फार कठीण. खीळ किंचित् सैल असली तर पातें तिरकें जातें, सुपारी निसटते व बोट सांपडतें. खीळ फार घट्ट असली तर म्हातारीच्या हातानें दांडे मिटत नाहींत. जो चांगला असतो तो तळहातांत आपोआप बसतो आणि खांडें इतकें बारीक पडतें कीं दांत नसलेल्यालाहि चघळतां येतें. अशा अडकित्त्याला घरांतील एखाद्या आजीच्या नांवानेंच ओळखतात.

परंतु या भागांतील चांगल्या वस्तूचें सर्वोत्तम उदाहरण म्हणजे घोंगडें. दख्खनी जातीच्या मेंढीची लोंकर आखूड व राठ. तलम कापडाच्या कामाची नाहीं. वर्षांतून दोनदां मेंढ्या कातरतात. लोंकर निवडून पिंजावयाची, बायकांनीं चरख्यावर तिचें सूत काढावयाचें, ताणा लावून त्यास चिंचोक्याची खळ द्यावयाची, कुंच्यानें ती सारखी करावयाची, आणि मग सणगरानें खड्ड्यांतील मागावर बसून तें विणावयाचें. खळीनें सूत ताठ होतें आणि विणतांना तुटत नाहीं. रंग बहुधा मेंढीचाच असतो, म्हणून तो उडत नाहीं. नवें घोंगडें टोंचतें, हें खरें. तें वापरानें मऊ होत जातें, आणि लोंकरीचे तंतु एकमेकांत गुंतून वीण अधिकच दाट होते. लोंकरीचा एक विलक्षण गुण असा कीं ती आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी ओल पोटांत घेऊनहि हाताला ओली लागत नाहीं; शिवाय तिच्या अंगच्या तेलकटपणामुळें पावसाची सर वरच्यावर निथळून जाते. म्हणून धनगर पावसांत त्याची खोळ करतो, रात्रीं तेंच अंथरतो, थंडींत तेंच पांघरतो, आणि पाहुणा आला तर त्याला बसावयासहि तेंच देतो. खंडोबाच्या पूजेला लागतें तेंहि घोंगडेंच. एका वस्तूनें इतकीं कामें करावीं, हें शहरांतील पुष्कळ महागड्या वस्तूंना साधत नाहीं.

मांसासाठीं दुसऱ्या जातींशीं संकर होऊं लागल्यापासून दाट लोंकरीच्या दख्खनी मेंढ्या कमी होत चालल्या, लोंकरीला भाव राहिला नाहीं, आणि चरखा चालविणारे हात उतरत्या वयाचे झाले. बाजारांत कृत्रिम धाग्याच्या स्वस्त ब्लँकेटांचे ढीग पडतात. त्यांतच कधीं कधीं घोंगड्याच्या नांवाखालीं मिश्र मालहि खपविला जातो. तो ओळखण्याची युक्ति सोपी आहे. दशींतील एक धागा उपटून दिव्यावर धरावा. लोंकर असेल तर केस जळल्यासारखी घाण येते व उरलेली राख चिमटींत चुरली जाते. कृत्रिम धागा वितळतो आणि त्याची कठीण गोळी बनते. दुकानदार रागावला तर रागावूं द्यावा.

येथें एक इशारा अवश्य आहे. जड किंवा जाड असणें म्हणजे चांगलें असणें नव्हे, आणि ही गोष्ट या जिल्ह्याइतकी दुसऱ्या कोणाला कळलेली नसेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हांचा उस्मानाबाद या जिल्ह्यांतील हजारों माणसें झोंपेंतच गाडलीं गेलीं. तीं घरें दिसावयास किल्ल्यासारखीं होतीं. भिंती दोन-अडीच फूट रुंद, वर माळवद, आणि त्यावर गळती थांबविण्यासाठीं वर्षानुवर्षें टाकलेल्या मातीचे थर. पण भिंतीची आंतली व बाहेरची बाजू वेगवेगळी रचलेली, मध्यें चुरा व माती, आणि दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारा आरपार दगड क्वचितच. हादरा बसतांच दोन्ही बाजू फुगून सुटल्या व छपराचा भार खालीं आला. जो दगड भिंतींत एकदां लपला कीं कोणालाच दिसत नाहीं, तोच घालावयाचा राहून गेला होता. वस्तूचें चांगलेपण पुष्कळदां अशाच न दिसणाऱ्या जागीं असतें: घागरीच्या सांध्यांत, चपलेच्या तळाच्या शिवणींत, खुर्चीच्या कुसवांत.

पूर्वीं या न दिसणाऱ्या जागेची हमी कोण देत असे? उत्तर असें कीं सुतार, लोहार, कुंभार आणि चांभार त्याच गांवांत राहत. तिफणीचा फण पेरणीच्या दिवशीं निसटला तर कुणबी सुताराच्या दारांत उभा राही. मोबदला खळ्यावर धान्याच्या रूपानें मिळे, त्यामुळें हातीं रोकड नसलेल्यालाहि नीट केलेलें औत वापरावयास मिळे. व्यवस्थेची ही बाजू चांगली होती. दुसरी बाजूहि तितक्याच स्पष्टपणें सांगितली पाहिजे. ज्या हातांनीं कातडें बाभळीच्या सालींत व हिरड्यांत मुरवून कमावलें आणि एकहि खिळा न वापरतां चामड्याच्या वादीनें वहाण शिवली, त्या हातांना उंबरठ्याच्या आंत येण्याची मनाई होती. वहाणेचें कौतुक, आणि ती करणाराचा मात्र विटाळ! पुढें बलुतें मोडलें तें केवळ यंत्रांमुळें नव्हे. कारागिरांच्या मुलांनीं त्या अपमानाकडे पाठ फिरविली हेंहि त्याचें कारण आहे, आणि त्यांना कोण दोष देईल? २०१९ मध्यें कोल्हापुरी चपलेला महाराष्ट्र व कर्नाटक यांतील आठ जिल्ह्यांसाठीं भौगोलिक मानांकन मिळालें. २०२५ मध्यें इटलींतील एका बड्या कंपनीनें मिलान येथें तशाच घाटाच्या वहाणा मांडल्या, तेव्हां त्या मूळच्या कोणाच्या हा प्रश्न सर्वत्र गाजला. चपलेचें नांव जगभर झालें. ती शिवणाराच्या मजुरीचा विचार अद्याप मागेंच आहे.

यंत्रानें केलेली वस्तु चांगली असूंच शकत नाहीं, असेंहि मानूं नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं विसाव्या शतकाच्या प्रारंभीं लोखंडी नांगर केला तेव्हां लोखंडानें जमिनीला विष चढेल अशी भीति शेतकऱ्यांनीं बोलून दाखविली होती. १९१० मध्यें किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि कालांतरानें त्याच नांगरानें घट्ट काळी जमीन खोल उलथून दाखविली. त्याचा झिजलेला फाळ तेवढा बदलतां येई. सबंध नांगर टाकून द्यावा लागत नसे. जी उघडतां येते, सांधतां येते, जिचा एक भाग बदलतां येतो, ती वस्तु माणसाच्या सोबतीला राहते. जपानांत यानागी सोएत्सु यांनीं १९२५ च्या सुमारास साध्या लोकांच्या रोजच्या भांड्यांना ‘मिंगेइ’ म्हणजे लोककला असें नांव दिलें व १९३६ मध्यें टोकियोस त्यांचें संग्रहालय काढलें. निनांवी कारागिरानें केवळ वापरासाठीं घडविलेल्या वाडग्याचें सौंदर्य दिवाणखान्यांतील दिखाऊ वस्तूला नसतें, असें त्यांचें म्हणणें होतें.

आपल्याकडे एक प्रघात मात्र असा आहे कीं त्यामुळें भांडें निनांवी राहत नाहीं. लग्नांत आहेर म्हणून आलेल्या भांड्यावर नांव घालतात. कासाराच्या दुकानांत बारीक छिन्नीनें ठिपक्या-ठिपक्यांचीं अक्षरें उमटविली जातात: देणाराचें नांव, घेणाराचें नांव, गांव आणि तारीख. पन्नास वर्षांनीं तीं अक्षरें चिंच व राख यांनीं घासून पुसट होतात, पण बोटाला लागतात. घराच्या वांटण्या होतात तेव्हां जमीन मोजून आणि धान्य मापून वांटतां येतें. भांडीं तराजूंत घातलीं तरी प्रश्न सुटत नाहीं. दोन परातींचें वजन सारखेंच असतें, तरी थोरल्या जावेला तीच परात हवी असते, कीं जींत सासूनें तिला पहिल्यांदा भाकरी थापावयास शिकविलें. मोडीच्या दुकानदाराला हा भेद ठाऊक असतो. जुनें भांडें घेऊन आलेल्या माणसाला तो भाव सांगतो, भांडें पालथें करतो, नांवाच्या ओळीवरून आंगठा फिरवितो आणि वजन करण्यापूर्वीं एकदां विचारतो, “घरांत विचारलंय ना?”